अनुदेशन-संरचनेची ऑनलाइन साधने : एक ऐतिहासिक साधनचिकित्सा

प्रास्ताविक

शिक्षणशास्त्र महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्या बहुतेकांच्या परिचयाचा एक तक्ता आहे. मनुष्य जे वाचतो त्याच्या १० टक्के, जे ऐकतो त्याच्या २० टक्के, जे पाहतो त्याच्या ३० टक्के, जे पाहतो व ऐकतो त्याच्या ५० टक्के, जे स्वतः बोलतो त्याच्या ७० टक्के आणि जे बोलून प्रत्यक्ष करतो त्याच्या ९० टक्के लक्षात ठेवतो, असे त्यात सांगितलेले असते. खाली एडगर डेल यांचे नाव असते. प्रस्तुत लेखकाने हा तक्ता कित्येक वर्षे फळ्यावर काढला व प्रशिक्षणार्थींनी तो निमूटपणे वहीत उतरवून घेतला. एका प्रशिक्षणार्थिनीने मात्र तास संपल्यावर येऊन विचारले, ‘‘सर, हे टक्के कुणी मोजले?’’ त्या दिवशी उत्तर देता आले नाही. उत्तराच्या शोधात महाजालाकडे वळल्यावर तोच तक्ता असंख्य ठिकाणी, निरनिराळ्या रंगांत सापडला. मोजणाऱ्याचा पत्ता मात्र कोठेच नव्हता.

इंग्रजीत ज्या विद्याशाखेस ‘इन्स्ट्रक्शनल डिझाइन’ म्हणतात तिला प्रस्तुत लेखात अनुदेशन-संरचना असे म्हटले आहे. अध्ययनार्थ्याच्या गरजांचे विश्लेषण, उद्दिष्टांची निश्चिती, आशयाची क्रमवार मांडणी, माध्यमांची निवड व मूल्यमापन यांची पद्धतशीर आखणी हा तिचा विषय होय. या विषयाचे साहित्य महाजालावर विपुल आहे. कोणते घ्यावे व कोणते टाकावे, हा विद्यार्थ्यापुढील प्रश्न आहे. संकेतस्थळ कोणाचे आहे, ते केव्हा अद्ययावत केले, त्यावर जाहिराती आहेत काय, अशा प्रश्नांच्या याद्या ग्रंथालयशास्त्राच्या पुस्तकांतून मिळतात. त्या निरुपयोगी नाहीत. परंतु वर उल्लेखिलेला तक्ता प्रतिष्ठित विद्यापीठांच्या पानांवरही आढळतो आणि तेथे या याद्यांचा काहीच उपयोग होत नाही. अशा वेळी इतिहासाभ्यासकाची पद्धत उपयोगी पडते. कागद कोणाचा, तो मूळ आहे की नक्कल, नक्कल असल्यास ती कोणी व केव्हा केली आणि नक्कल करताना काय बदलले, हे प्रश्न तो प्रथम विचारतो. मराठी वाचकास ही पद्धत नवी नाही. वा. सी. बेंद्रे यांचा ‘साधन-चिकित्सा’ हा ग्रंथ १९२८ साली प्रसिद्ध झाला. शिवाजी महाराजांचे म्हणून घरोघरी पूजिले जाणारे एक चित्र वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या निराळ्याच व्यक्तीचे असल्याचे दाखवून त्यांनी १९३३ साली अधिक विश्वसनीय चित्र पुढे आणले, हेही सर्वश्रुत आहे. चित्र सर्वत्र लागले आहे, एवढ्यावरून ते खरे ठरत नाही.

शास्त्राची जडणघडण व त्याचे कागद

अनुदेशन-संरचनेची पाळेमुळे विद्यापीठीय वर्गाइतकीच लष्करी छावणीत आहेत. ही गोष्ट साधनांच्या शोधात फार महत्त्वाची ठरते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला लक्षावधी नवख्या सैनिकांना अल्पावधीत यंत्रे हाताळावयास शिकवायचे होते. त्यासाठी प्रशिक्षणपट तयार झाले, मानसशास्त्रज्ञांना पाचारण करण्यात आले. पुढे या शास्त्राचे अध्वर्यू ठरलेले रॉबर्ट गॅग्ने हे त्यांपैकीच एक. युद्धोत्तर काळात बी. एफ. स्किनर यांनी १९५४ च्या आपल्या निबंधात वर्गातील अध्यापनाची कठोर मीमांसा केली व १९५८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अध्यापन-यंत्रांची कल्पना मांडली. (अशी यंत्रे सिडनी प्रेसी यांनी ओहायो राज्य विद्यापीठात १९२० च्या दशकातच बनविली होती, पुढे डेलही त्याच विद्यापीठात होते.) क्रमान्वित अध्ययनाच्या या लाटेतून रॉबर्ट मेगर यांचे उद्दिष्टलेखनावरील छोटेखानी पुस्तक १९६२ मध्ये, ग्लेझर यांची निकषसंदर्भित मापनाची मांडणी १९६३ मध्ये आणि गॅग्ने यांचा ‘कंडिशन्स ऑफ लर्निंग’ हा ग्रंथ १९६५ मध्ये आला. आकारिक व साकारिक मूल्यमापनातील भेद स्क्रिव्हन यांनी १९६७ साली केला. डिक व केरी यांचे पाठ्यपुस्तक १९७८ चे.

या इतिहासामुळे शास्त्राचे मूळ कागद तीन निरनिराळ्या ठिकाणी विखुरले गेले. लष्करी व शासकीय अहवाल जनतेच्या पैशातून तयार झाले असल्याने त्यांतील पुष्कळसे आज विनामूल्य वाचता येतात. नियतकालिकांतील शोधनिबंध बहुधा वर्गणीच्या कुंपणाआड असतात. पाठ्यपुस्तके स्वामित्वहक्काखाली असून त्यांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहतात. परिणामी विद्यार्थ्यास महाजालावर गॅग्ने क्वचितच भेटतात. भेटतात ते गॅग्ने यांचे सारांश. या सारांशांत एक विशिष्ट गोंधळ आढळतो. ‘कंडिशन्स ऑफ लर्निंग’च्या १९६५, १९७०, १९७७ व १९८५ अशा चार आवृत्त्या निघाल्या. पहिल्या आवृत्तीत संकेत-अध्ययनापासून समस्या-निराकरणापर्यंत अध्ययनाचे आठ प्रकार श्रेणीबद्ध केलेले आहेत. पुढे गॅग्ने यांनी भर बदलला आणि बौद्धिक कौशल्ये, बोधात्मक व्यूह, शाब्दिक माहिती, कारक कौशल्ये व अभिवृत्ती ही अध्ययन-निष्पत्तीची पाच क्षेत्रे मानली. अनेक पाने ही दोन्ही वर्गीकरणे एकाच श्वासात, जणू एकाच दिवशी सुचल्यासारखी देतात. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांतही आठ प्रकारांची शिडी ठाण मांडून बसली आहे. कोणत्या आवृत्तीतील मत आपण सांगत आहोत हे जे पान नोंदविते, ते इतरांहून विश्वासार्ह समजावयास हरकत नाही.

एरिकची कहाणी

शिक्षणविषयक साहित्याच्या शोधात पहिले नाव एरिक या अमेरिकन संदर्भकोशाचे घ्यावे लागते. १९६० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेच्या शिक्षण कार्यालयाने तो सुरू केला. एरवी कपाटात पडून राहणारे अहवाल, परिषदांतील निबंध, अभ्यासक्रम-पुस्तिका गोळा करून सूक्ष्मपत्रिकांवर उतरवावयाचे व ग्रंथालयांना पुरवावयाचे, अशी मूळ योजना होती. विषयवार निवारणकेंद्रे वेगवेगळ्या संस्थांकडे सोपविलेली होती. माहिती व तंत्रविज्ञानाचे केंद्र सिराक्यूज विद्यापीठात होते. तेथूनच १९९२ साली ‘आस्क-एरिक’ ही सेवा सुरू झाली. शिक्षकाने संगणकावरून प्रश्न पाठवावा व तेथील ग्रंथपालाने संदर्भ शोधून उत्तर द्यावे, अशी ती सोय होती. शोधयंत्रे घरोघरी पोहोचण्यापूर्वीच्या त्या काळात दूरवरच्या शिक्षकाला उत्तर देण्यासाठी पलीकडे एक जिवंत माणूस बसलेला असे.

२००३ च्या अखेरीस निवारणकेंद्रे बंद झाली, त्यांच्याबरोबर आस्क-एरिकही गेले. सारे काम एकाच केंद्रीय व्यवस्थेखाली आले व पुढील वर्षापासून हजारो अहवालांचा पूर्णपाठ विनामूल्य खुला झाला. लाभ मोठा होता, हानीही लहान नव्हती. कारण केंद्रांतील विषयतज्ज्ञ करीत असलेली निवड आता वाचकावर येऊन पडली. २०१२ साली जुन्या सूक्ष्मपत्रिकांच्या प्रतिमांत काही व्यक्तींची खाजगी माहिती राहून गेल्याचे आढळल्याने बरेच पूर्णपाठ काढून घेण्यात आले व तपासून टप्प्याटप्प्याने परत ठेवण्यात आले. २०२५ मध्ये अमेरिकी शिक्षण विभागातील निधीकपातीची झळ एरिकलाही पोहोचली. परदेशी शासनाच्या औदार्यावर उभा असलेला संदर्भकोश आपण किती गृहीत धरावा, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

एरिकच्या या इतिहासातच त्याच्या उपयोगाची किल्ली आहे. तेथील नोंदींचे क्रमांक दोन प्रकारच्या इंग्रजी अक्षरांनी सुरू होतात. ‘ईजे’ म्हणजे नियतकालिकातील लेख, तर ‘ईडी’ म्हणजे अन्य दस्तऐवज. दुसऱ्या प्रकारात उत्कृष्ट संशोधन अहवालही आहेत आणि एखाद्या परिषदेत वाचून विसरला गेलेला निबंधही. एरिकमध्ये सापडले म्हणजे तज्ज्ञांनी तपासले, असा समज विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांत वारंवार दिसतो. तो चुकीचा आहे. तज्ज्ञ-परीक्षित साहित्य वेगळे काढण्याची सोय शोधचौकटीजवळच असते, पण तिच्याकडे लक्ष जात नाही. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने केवळ तेवढेच साहित्य पाहिले तर या शास्त्राचा निम्मा जन्म त्याच्या दृष्टीआड राहील; कारण पुढे ज्याचा विचार करावयाचा आहे तो १९७५ चा अहवाल तज्ज्ञ-परीक्षित लेख नव्हेच.

हौशी संकलकांचा काळ

१९९० च्या दशकात महाजालावर या विषयाची जी पहिली उपयुक्त पाने उभी राहिली, ती बहुतांशी एकेका व्यक्तीने हौसेने उभारलेली होती. ग्रेग कीर्सली यांनी अध्ययनाच्या ५० उपपत्तींचे संक्षिप्त परिचय एकत्र आणले. मार्टिन रायडर यांनी कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर येथील संगणकावर अनुदेशनाच्या प्रतिमानांची दुव्यांसह लांबलचक सूची ठेवली. डोनाल्ड क्लार्क या प्रशिक्षकाने १९९५ पासून प्रशिक्षण-आराखड्याची एक संपूर्ण पुस्तिकाच विनामूल्य उपलब्ध करून दिली. (ब्रिटनमधील त्याच नावाचे दुसरे डोनाल्ड क्लार्क याच विषयावर विपुल लिहितात. नामसाम्यामुळे एकाचे मत दुसऱ्याच्या नावे उद्धृत झालेले प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. बखरींच्या अभ्यासकांना हा घोटाळा ओळखीचा वाटेल.) कॅनडातील स्टीफन डाउन्स २००१ पासून नित्यनेमाने नव्या लेखनाची टिपणे प्रसिद्ध करीत आले आहेत.

या मंडळींचे ऋण मोठे आहे. कोणताही आर्थिक लाभ नसताना त्यांनी एका विखुरलेल्या शास्त्राला उंबरठा दिला. मात्र त्यांच्या पानांचे स्वरूप संकलनाचे होते. त्यांतून मूळ ग्रंथाकडे जावयाचे, तेथेच थांबावयाचे नाही, हे ध्यानात न घेता पुढच्या पिढीच्या पानांनी या संकलनांचीच नक्कल केली. नकलेची नक्कल होत गेली व प्रत्येक टप्प्यावर एखादे ‘कदाचित’ गळून पडले.

दुसरी अडचण नाशाची. माणूस निवृत्त होतो, विद्यापीठ संगणक बदलते आणि पान नाहीसे होते. जिओसिटीज ही विनामूल्य पानांची वसाहत ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झाली तेव्हा शिक्षकांनी हाताने रचलेली कितीतरी पाने तिच्याबरोबर गेली. ब्रूस्टर काल यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या इंटरनेट अर्काइव्हने २००१ पासून खुली केलेली ‘वेबॅक मशीन’ ही सोय येथे कामास येते. मृत दुव्याचा पत्ता तेथे घातल्यास पानाची जुनी रूपे पुष्कळदा तारखांसह मिळतात. तिचा याहून महत्त्वाचा उपयोग म्हणजे एखादे विधान एखाद्या पानावर प्रथम केव्हा दिसले व मागाहून गुपचूप कसे बदलले, हे तपासता येते. हस्तलिखितांची पाठभेदचिकित्सा करणाऱ्याला जे श्रम वर्षानुवर्षे पडत, त्यांतील थोडे येथे एका दुपारी साधतात.

संकलनाच्या याच परंपरेतील, परंतु संदर्भांबाबत अधिक काटेकोर असे दोन प्रयत्न नमूद करावयास हवेत. जिनिव्हा विद्यापीठातील शैक्षणिक तंत्रविज्ञानाचा मुक्तकोश हा एक. रिचर्ड वेस्ट यांनी संपादित केलेले व २०१८ साली विनामूल्य प्रसिद्ध झालेले या विद्याशाखेच्या मूलतत्त्वांवरील पाठ्यपुस्तक हा दुसरा. ज्यांना इंग्रजी वाचनाचा थोडा सराव आहे त्यांनी प्रारंभ या पाठ्यपुस्तकापासून करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शास्त्राच्या इतिहासासाठी मात्र रॉबर्ट रायझर यांचा २००१ साली दोन भागांत आलेला निबंध अद्याप सर्वांत सोयीचा आहे.

अनुभवशंकू आणि टक्के

आता प्रशिक्षणार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. डेल यांचा ‘ऑडिओ-व्हिज्युअल मेथड्स इन टीचिंग’ हा ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला. त्यात शंकूची आकृती आहे. तळाशी प्रत्यक्ष, सहेतुक अनुभव. त्यावर कृत्रिम रीतीने घडविलेले अनुभव, नाट्यीकरण, दिग्दर्शन, क्षेत्रभेट, प्रदर्शन, चित्रपट अशा पायऱ्या. आणि शिखरावर शाब्दिक प्रतीके. मूर्ताकडून अमूर्ताकडे जाणाऱ्या अनुभवांची ही मांडणी आहे. तिच्यात एकही टक्का नाही. शाब्दिक प्रतीके शिखरावर आहेत याचा अर्थ ती निकृष्ट आहेत, असेही डेल म्हणत नाहीत. शंकूचा शब्दशः अर्थ लावला जाऊ नये याची त्यांना चिंता होती; १९६९ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी संभाव्य गैरसमजांचा स्वतंत्र परामर्श घेतला आहे. ग्रंथाची जुनी आवृत्ती इंटरनेट अर्काइव्हवर पाहावयास मिळते. ज्याला शंका असेल त्याने ती उघडून आकृतीचे पान पाहावे. यास पंधरा मिनिटे लागतात. ती पंधरा मिनिटे प्रस्तुत लेखकाने फार उशिरा दिली, हे कबूल केले पाहिजे.

टक्क्यांचा माग वेगळ्या वाटेने जातो. १९६७ साली दृक्श्राव्य साधनांविषयीच्या एका व्यावसायिक नियतकालिकात डी. जी. ट्रेक्लर यांचा लेख आला. त्यात हे आकडे आहेत, मात्र ते कोणत्या प्रयोगातून आले याचा काहीही निर्देश नाही. लेखक तेल उद्योगाशी संबंधित होते. पुढे कोणीतरी हे आकडे डेल यांच्या शंकूवर बसविले. मायकेल मोलेंडा, विल थॅलहायमर, दीपक सुब्रमणी व अँथनी बेट्रस यांनी या प्रकरणाचा पाठपुरावा केला. ‘एज्युकेशनल टेक्नॉलॉजी’ या नियतकालिकाने २००४ नंतर दहा वर्षांनी, म्हणजे २०१४ साली, या भेसळीवर त्यांचे लेख एकत्र प्रसिद्ध केले. थॅलहायमर यांना आढळलेला एक प्रकार विशेष बोलका आहे. एका आलेखाखाली मिशेलीन ची व सहकाऱ्यांच्या १९८९ च्या शोधनिबंधाचा आधार दिलेला होता. निबंध खरा, नियतकालिक खरे. परंतु त्या निबंधात असला आलेख नाही, आणि विचारणा केल्यावर खुद्द ची यांनीच तो आपला नसल्याचे सांगितले. तात्पर्य, तळटीप असणे आणि तळटीप खरी असणे या दोन गोष्टी आहेत.

हे सर्व बाह्य परीक्षण झाले. अंतर्गत परीक्षण तर ग्रंथालयाविनाही करता येते. सर्व आकडे दहाच्या पटीत कसे? किती वेळाने लक्षात राहिलेले? कोणाच्या? कोणता मजकूर? प्रत्यक्ष मापनातून इतकी गोंडस संख्या क्वचितच निघते. या तक्त्याचा एक चुलतभाऊही प्रचारात आहे. ‘अध्ययनाचा पिरॅमिड’ या नावाने तो ओळखला जातो व अमेरिकेतील नॅशनल ट्रेनिंग लॅबोरेटरीज या संस्थेच्या नावे दिला जातो. त्यात व्याख्यानाला ५ टक्के, वाचनाला १० टक्के, दृक्श्राव्य साधनांना २० टक्के आणि इतरांना शिकविण्याला ९० टक्के आहेत. हे संशोधन आपल्याकडे झाले होते, पण त्याचे मूळ कागद आता उपलब्ध नाहीत, अशी त्या संस्थेची भूमिका राहिली आहे. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात ऐकणे हे वाचण्याच्या दुप्पट प्रभावी; दुसऱ्यात व्याख्यान ऐकणे हे वाचण्याच्या निम्मे. आणि कित्येक पानांवर दोन्ही डेल यांच्याच नावे! एवढी विसंगती टिपण्यास कोणतीही पदवी लागत नाही.

हा केवळ पंडिती काथ्याकूट नव्हे. या टक्क्यांच्या आधारे व्याख्यान व वाचन ही निष्फळ ठरवून दृक्श्राव्य उपकरणांवर खर्च करण्याच्या शिफारशी केल्या गेल्या आहेत, शिक्षकांच्या पाठांचे गुण ठरविले गेले आहेत. ज्या शाळेत पाठ्यपुस्तकाव्यतिरिक्त काहीच नाही, तेथील नवशिक्षकाला वाचनातून १० टक्केच उरते असे शिकवून पाठविणे म्हणजे त्याच्या हातातील एकमेव साधन निकामी आहे असे सांगणे होय.

ॲडीचा जनक

दुसरे उदाहरण थोडक्यात. विश्लेषण, संरचना, विकसन, अंमलबजावणी व मूल्यमापन या पाच टप्प्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बनलेले ‘ॲडी’ हे प्रतिमान या विषयाच्या प्रत्येक पानावर असते. ते १९७५ साली फ्लोरिडा राज्य विद्यापीठाने अमेरिकन लष्करासाठी तयार केले, असे वाक्यही बहुधा असते. रॉबर्ट ब्रॅन्सन व सहकाऱ्यांनी त्या वर्षी सादर केलेला पाच खंडांचा अहवाल उपलब्ध आहे. तो उघडल्यास पाच टप्पे व त्यांखाली एकोणीस उपपायऱ्या दिसतात. मात्र पाचवा टप्पा ‘मूल्यमापन’ नसून ‘नियंत्रण’ हा आहे, आणि ‘ॲडी’ हे नाव त्यात नाही. मोलेंडा यांनी २००३ साली या नावाच्या जनकाचा शोध घेतला. त्यांना मूळ ग्रंथ सापडला नाही. पद्धतशीर विकसनाच्या एका मोठ्या कुळाला बोलीत पडलेले हे नाव आहे, असा त्यांचा निर्णय आहे. येथे महाजालावरील विधान निखालस खोटे नाही. ते बरेचसे खरे आहे, आणि म्हणूनच अधिक फसवे आहे. ‘नियंत्रण’ या शब्दात लष्करी व्यवस्थेचा जो वास आहे, तो ‘मूल्यमापन’ म्हटल्याने नाहीसा होतो.

२०२२ च्या अखेरीपासून सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या संभाषणक्षम संगणकप्रणालींनी या प्रश्नास नवे वळण दिले आहे. त्या विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सफाईने देतात आणि मागितल्यास संदर्भही देतात. परंतु त्यांपैकी एखाद्या संदर्भाचा निबंध अस्तित्वातच नसतो, असे अनेकदा आढळून आले आहे. ची यांच्या नावावर चढविलेल्या आलेखाचेच हे पुढचे रूप म्हणता येईल. उपाय जुनाच आहे. संदर्भ एरिकमध्ये किंवा नियतकालिकाच्या स्वतःच्या सूचीत तपासावा, आणि सापडल्यास वाचावा.

भारतीय व मराठी साधने

भारतात क्रमान्वित अध्ययन १९६० च्या दशकात आले व बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील शिक्षणविषयक प्रगत अध्ययन केंद्र हे त्याचे एक प्रमुख ठिकाण बनले. तेथूनच एम. बी. बुच यांनी संपादित केलेले भारतीय शैक्षणिक संशोधनाचे पहिले सर्वेक्षण १९७४ साली निघाले. नाशिक येथे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने, संस्थापक कुलगुरू राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली, मराठीतून स्वयं-अध्ययन साहित्य मोठ्या प्रमाणावर तयार केले. घटकारंभी उद्दिष्टे, मजकुरात पेरलेले स्वयंमूल्यमापनाचे प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरे, ही त्याची घडण पाहिली की स्किनर व मेगर मराठीत कसे आले याचा उलगडा होतो. अनुदेशन-संरचनेची मराठीतील सर्वांत मोठी प्रत्यक्ष निर्मिती हीच होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तरी इंग्रजीतून शोध घेणाऱ्यास तिची गंधवार्ताही लागत नाही.

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या ‘ई-ज्ञानकोश’ या संग्रहात स्वयं-अध्ययन साहित्याच्या आखणीवरील घटक विनामूल्य आहेत व ते भारतीय परिस्थिती नजरेसमोर ठेवून लिहिलेले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर उभा राहिलेला ‘शोधगंगा’ हा प्रबंधसंग्रह तर अमूल्य आहे. मात्र मराठी प्रबंधांबाबत तेथे एक विचित्र अडथळा येतो. २००० च्या दशकात व त्यानंतरही बराच काळ आपल्याकडील टंकलेखन युनिकोडपूर्व टंकांत होत असे. अशा धारिकेत डोळ्यांना देवनागरी दिसते, पण शोधयंत्राला रोमन अक्षरांचा अर्थहीन गोळा दिसतो. अन्य कित्येक प्रबंध केवळ छायाप्रतिमा आहेत. प्रबंध महाजालावर असूनही शोधात येत नाही. म्हणून येथे शब्दाने शोधण्याऐवजी विद्यापीठ, विभाग व वर्ष अशा क्रमाने, कपाटातील खण उघडल्याप्रमाणे, एकेक यादी पाहात जावे लागते.

परिभाषेचीही अडचण आहे. अनुदेशन-संरचना, अनुदेशन आराखडा, अध्यापन-रचना, अनुदेशनात्मक अभिकल्प, की सरळ इन्स्ट्रक्शनल डिझाइन? प्रत्येक शब्दाला वेगळे निकाल मिळतात आणि ‘शैक्षणिक तंत्रविज्ञान’ या व्यापक नावाखाली त्याहून वेगळे. भाषा संचालनालयाचा शिक्षणशास्त्र परिभाषा कोश ऑनलाइन पाहता येतो. शोधास बसण्यापूर्वी पर्यायी शब्दांची यादी करून घेतल्यास वेळ वाचतो. हिंदी पर्यायही घालून पाहावेत, कारण लिपी एकच असल्याने शोधयंत्र पुष्कळदा शेजारच्या घरचेही आणून देते.

टक्के मराठी पाठ्यपुस्तकांत केव्हा शिरले, याचे उत्तर महाजालावर मिळण्याजोगे नाही. त्यासाठी अध्यापक विद्यालयांसाठी निघालेल्या पुस्तकांच्या जुन्या आवृत्त्या क्रमाने पाहाव्या लागतील. नेमकी हीच पुस्तके अभ्यासक्रम बदलला की प्रथम निर्लेखनाच्या यादीत जातात. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अशा यादीतील गठ्ठा प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आला. ग्रंथपालांच्या संमतीने त्यांतील दृक्श्राव्य साधनांवरील सहा पुस्तके बाजूस काढून घेतली. सर्वांत जुन्या पुस्तकाचे मुखपृष्ठ नाही, पाने पिवळी पडली आहेत. त्यात डेल यांचा शंकू आहे, टक्के नाहीत. प्रश्न विचारणारी ती प्रशिक्षणार्थिनी आता एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. त्या पानाची छायाप्रत तिला पाठविली आहे.